झालं म्हणेपर्यंत

नाटक मंडळीला चाळीस वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता टाचणीनं राजीनामा दिला. कागद चार ओळींचा. त्यावर कपड्यांच्या कपाटाची किल्ली, मोठी कात्री आणि गुंडाळलेली मापाची टेप ठेवून तिनं तो मास्तरांपुढं सरकवला.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "आज? अगं, तीन वाजता प्रयोग आहे."

"कपडे इस्त्री करून टांगलेत. प्रत्येकाला चिठ्ठी लावलीय. तुमचा कोट पहिल्या खुंटीला."

"बाहेरच्या बोर्डावर नाव राहिलं म्हणून रुसलीस होय? घाईत झालं गं. पुढच्या वेळी घालू."

"कुठला बोर्ड?" टाचणी म्हणाली. तिनं तो खरंच पाहिला नव्हता. "सही करा. खाली तारीख आणि वेळ टाका."

मास्तरांनी हसत हसत सही ठोकली. दुपारपर्यंत हिचा राग निवळेल आणि ही टाचण्या तोंडात धरून विंगेत उभी असेल, असा त्यांचा हिशेब. तीस वर्षं जी बाई समोर वावरली तिला हा माणूस एवढंच ओळखत होता. टाचणीनं कागदाची घडी खिशात घातली, बाहेर जाऊन दारावरच्या पोरीकडून प्रेक्षकांचा पास घेतला आणि ती सरळ घरी गेली.

आज मास्तरांना त्यांच्याच रंगमंचावरून, त्यांच्याच नियमानं, सगळ्यांदेखत खाली उतरवायचं होतं. आणि ते बघायला तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर एक बाई येऊन बसायला हवी होती. त्या बाईनं एकतीस वर्षांत टाचणीशी चकार शब्द काढला नव्हता. तिच्या तोंडून एक शब्द ऐकायचा, टाचणीला बाकी कशाची पडलेली नव्हती.

टाचणी हे नाव मंडळीनंच पाडलेलं. ओठांत कायम चार-पाच टाचण्या, त्यामुळं बोलणं कमी, आणि जे निघे ते टोचे. त्याआधी ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत इस्त्रीवर होती आणि तिथं तिला कुणी नावानं हाक मारत नसे. तिथं ती नुसती "ताईची बहीण."

ताई तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. घरात दोघीच उरल्या तेव्हा ताई चौदाची होती. ती लाँड्रीत धुण्याच्या हौदावर लागली आणि धाकटीला शाळेत घातलं. स्वतःची शाळा म्हणजे लहानपणचे काही महिने, तेही केव्हाच पुसले गेलेले. पण कामात वाघीण. रक्ताचा डाग कुठल्या पाण्यात निघतो आणि कुठल्या पाण्यात कायमचा बसतो, कुठली चादर अजून महिनाभर टिकेल, हे ती हात लावून सांगायची. अठ्ठाविसाव्या वर्षी साहेबांनी तिला मुकादमीण केलं, आणि तिथं पंचाईत झाली. मुकादमिणीला रोज सकाळी यादी वाचून दाखवावी लागे. बारा वॉर्ड, कुठल्या वॉर्डात किती चादरी, किती अभ्रे, किती गाऊन.

बहिणींनी त्यावर तोड काढली. यादी आदल्या संध्याकाळी तयार व्हायची. ताई ती खिशात घालून घरी आणायची. जेवणं झाली की धाकटी एकदा मोठ्यानं वाचायची आणि ताई डोळे मिटून अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायची. चार बोटांची बारा पेरं, बारा वॉर्ड. करंगळीच्या तळाशी बाळंतिणी, तर्जनीच्या टोकाला भाजलेले. सकाळी डाव्या हातात कागद, उजवा हात पाठीमागं, अंगठा पेरांवरून चाललेला, आणि ताई खणखणीत आवाजात यादी "वाचायची." तीन वर्षांत एका अभ्र्याची चूक नाही. मधेच नवीन कागद आलाच तर खिसा चाचपून म्हणायची, "चष्मा घरी राहिला बघ. वाच गं तू." चष्मा तिच्याकडं कधी नव्हताच. पाठीमागं उभ्या असलेल्या बायकांना तो फिरणारा अंगठा दिसायचा. त्यांना वाटे, बाईची सवय असेल.

आणि मग लाँड्रीत मंडळी आली.

मंडळीला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मास्तर मूळचे शाळेत चित्रकला शिकवायचे. माणसं थिएटरात येत नाहीत तर थिएटर माणसांकडं न्यावं, असं त्यांच्या डोक्यात भरलं, आणि चार मित्र आणि बेकरीची एक जुनी व्हॅन एवढ्यावर त्यांनी मंडळी उभी केली. दगडखाणीत, तुरुंगाच्या अंगणात, कारखान्याच्या कँटीनमध्ये, जिथं चार माणसं उभी राहतील तिथं प्रयोग. व्हॅनमध्ये पहिली दोन वर्षं पावाचा वास यायचा, त्यामुळं जातील तिथं पोरं मागं लागायची आणि आत नाटकवाले बघून तोंडं पाडून परत जायची.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी आठवडाभर त्या जागी जाऊन लोकांबरोबर काम करायचं, बोलता बोलता त्यांची गोष्ट काढून घ्यायची. त्या गोष्टीचं नाटक बसवायचं आणि पहिला प्रयोग त्यांच्यासमोरच करायचा. नाटकाच्या शेवटी मास्तर तीन टाळ्या वाजवत. नट होते तिथं थांबत. मग मास्तर विचारत, "हे वेगळं व्हायला हवं होतं असं कुणाला वाटतं?" प्रेक्षकांपैकी कुणीही उठून म्हणायचं, "जागा द्या." ज्या नटाच्या खांद्याला हात लावला त्यानं अंगावरचा एक कपडा उतरवून त्या माणसाला द्यायचा आणि स्वतः त्याच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसायचं. वरच्या माणसाला हवं ते त्यानं करावं, हवं तेवढा वेळ करावं. तो स्वतः "झालं" म्हणेपर्यंत खाली बसलेल्यानं तोंड उघडायचं नाही. जागा मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. नियम मास्तरांचा, आणि मास्तरांना त्याचा फार अभिमान.

लाँड्रीत मास्तरांनी इस्त्रीचा विभाग धरला. चादर घडी करायला दोन माणसं लागतात. समोरासमोर उभं राहायचं, कोपरे धरायचे, ताणायचं, मग एकमेकांकडं चालत येऊन कोपऱ्याला कोपरा मिळवायचा. दिवसाला दोनशे वेळा एका माणसाच्या तोंडासमोर तोंड येतं. धाकटी बावीस वर्षांची होती. तोपर्यंत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. आणि इथं एक शिकलेला, मजेशीर माणूस प्रत्येक चादरीला एक प्रश्न विचारत होता, आणि उत्तर ऐकताना कान टवकारत होता. तिसऱ्या दिवशी तिनं ताईचं सांगितलं. नेमकं किती सांगितलं, हे ती पुढं स्वतःशीसुद्धा कधी नीट बोलली नाही.

"नाव येणार नाही," मास्तर म्हणाले होते. "कुणाला ओळख पटणार नाही. माझा शब्द."

नाव आलं नाही. नाटकाचं नाव होतं "यादी." त्यात लाँड्री नव्हती, गोदाम होतं. पण गोदामाची मुकादमीण डाव्या हातात कागद धरून उभी राहिली, उजवा हात पाठीमागं गेला आणि अंगठा पेरांवरून चालायला लागला. मागच्या रांगेतली एक धोबीण मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई!" मग एक हसली, मग दहा हसल्या. वाईट मनानं नसतील हसल्या, पण हसल्या. मास्तरांनी तीन टाळ्या वाजवून विचारलं, "हे वेगळं व्हायला हवं होतं असं कुणाला वाटतं?" तेव्हा सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या. "ताई, जा की! तुम्हीच जा!"

ताई उठली. तिनं मांडीवरचा टॉवेल घडी केला, खुर्चीवर ठेवला आणि ती दारातून निघून गेली.

साहेब चांगले होते, तेच तर वाईट झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताईला बोलावून गोड शब्दांत सांगितलं की संध्याकाळच्या साक्षरतेच्या वर्गाला बसा, तोवर मुकादमी दुसरी बघेल. चार दिवस ताई पुन्हा हौदावर उभी राहिली. घरी ती बोलत नव्हती. धाकटी मागं मागं फिरून म्हणत होती, "त्यानं शब्द दिला होता गं, त्यानं फसवलं," आणि ताई भांडी विसळत होती. पाचव्या सकाळी ताईचा पलंग नीट आवरलेला होता आणि पिशवी नव्हती.

दुसऱ्या शहरात कुठल्याशा वसतिगृहाच्या धुलाईघरात ती लागली, एवढं वर्षभरानं कळलं. पत्र लिहावं तर ते तिला वाचून दाखवणार कोण? परक्याच्या तोंडून माफी ऐकवायची? धाकटीनं पाच-सहा पत्रं लिहिली आणि फाडली.

मग ती मंडळीच्या दारात जाऊन उभी राहिली. "यादी बंद करा," म्हणाली. मास्तरांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला. नाटक आता आपलं राहिलं नाही, ते लोकांचं झालंय, असं काहीबाही समजावलं. आणि म्हणाले, "तुला शिवता येतं ना? आमच्याकडं कपड्यांना माणूस नाही." चहा तिनं प्याला नाही. काम घेतलं. लांबून या माणसाचं काही वाकडं करता येणार नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं.

तिनं डूख धरला आणि तो एकतीस वर्षं इस्त्रीच्या घडीसारखा जपला. एवढ्या वर्षांत माणसं लग्नं मोडतात, घरं बदलतात, देव बदलतात. हिनं राग बदलला नाही.

बारीकसारीक उट्टी ती चालता चालता काढायची. मास्तरांच्या कॉलरची आतली शिवण मुद्दाम खरबरीत ठेवायची. मास्तर वीस वर्षं मान खाजवत भाषणं करत आले आणि लोकांना वाटलं विचारवंत आहेत. दर दोन वर्षांनी बाही अर्धं बोट आखूड करायची. मोठे पाहुणे यायचे त्या दिवशी खिशांची तोंडं शिवून टाकायची. मग मास्तर भाषणाचा कागद ठेवायला जागा शोधत बसायचे. तुरुंगातल्या प्रयोगाला त्यांच्या पँटची शिवण नेमकी कैद्यांसमोर उसवली. त्या दिवशी ती रात्रीपर्यंत गालातल्या गालात हसत होती.

आणि गंमत अशी, की हे सगळं करताना ती कामात तरबेज झाली. प्रेक्षकांतून कुणीही उठणार, जाडा, बारका, लंगडा, पोटुशी. त्याला पाच आकडे मोजेपर्यंत कपडा अंगावर चढायला हवा. म्हणून तिनं बटणं हद्दपार केली. पाठीला उघडे, नाडीनं आवळायचे कपडे शिवले. एकच एप्रन खाणकामगारालाही होई आणि शाळकरी पोरीलाही. मंडळीत माणसं आली, गेली. दोन नट एकाच बाईवरून भांडून दोघंही गेले आणि ती बाई राहिली. व्हॅन तीनदा बदलली. टीव्हीनं माणसं घरात बसवली तेव्हा मंडळीनं दवाखान्यांच्या व्हरांड्यात प्रयोग केले, कारण तिथून माणसं उठून जाऊ शकत नव्हती. या सगळ्यात "यादी" चालूच. सहाशेच्या वर प्रयोग झाले. प्रत्येक प्रयोगाला कुणी ना कुणी उठून मुकादमिणीची जागा घ्यायचं, "होय, मला वाचता येत नाही, शिकवा मला," असं ठणकावून सांगायचं, टाळ्या पडायच्या. टाचणी विंगेत उभी राहून दातओठ खायची. माझ्या ताईची जागा कोण कुठली लोकं घेतायत!

तिला स्वतःला जागा मागता येत नव्हती. नियम प्रेक्षकांपुरता होता.

दोन महिन्यांपूर्वी मास्तरांनी चाळिसाव्या वर्षासाठी नवीन नाटक काढलं, मंडळीचीच गोष्ट. मास्तरांच्या भूमिकेत स्वतः मास्तर. चौथा प्रवेश लाँड्रीचा. तालमीत टाचणी नव्या नटीला एप्रन बसवून देत होती आणि ती पोरगी पाठांतर म्हणून पुटपुटत होती, "मास्तर, माझ्या ताईला वाचता येत नाही हो. तिच्यासाठी काहीतरी करा. सगळ्यांना कळू दे!"

"हे कोण म्हणतं?" टाचणीनं विचारलं.

"इस्त्रीवाली मुलगी. ती रडत मास्तरांच्या पाया पडते, मग मास्तर तिला उठवतात."

टाचणीच्या तोंडातली एक टाचणी खाली पडली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. पाया पडले मी? मी मागितलं हे? त्याच दिवशी तिनं ठरवलं. कोट मास्तरांचा स्वतःचा होता, नाडीला त्यांनी साफ नकार दिलेला. "माझी जागा कोण मागणार आहे?" असं म्हणून हसलेही होते. टाचणीनं कोटाच्या अस्तराआड दोन नाड्या घातल्या. ओढल्या की कोट बरोबर तिच्या मापाचा.

आणि मंडळीच्या ड्रायव्हरला ती म्हणाली, "तू त्या शहरात सामान आणायला जातोस ना? वसतिगृहाच्या धुलाईघरात जा. तोंडी निरोप सांग. म्हणावं, मास्तरांना सगळ्यांसमोर खाली उतरवणार आहे. बघायला ये. तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची तुझ्यासाठी राखून ठेवते."

ड्रायव्हर परत आला. "बाई काही बोलल्या नाहीत. चादर पिळत होत्या. मी निघालो तेव्हा फक्त विचारलं, किती वाजता?"

तीनला पाच मिनिटं असताना ताई आली. टाचणी पाचव्या रांगेत होती. तिला पाठच दिसली. केस पांढरे, खांदे तेच. तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर ती बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. मागं वळून तिनं पाहिलं नाही. सभागृहात तीनशे माणसं होती. टाचणीला उगाच हसू येत होतं.

चौथा प्रवेश आला. इस्त्रीचं टेबल, न घडी केलेल्या चादरींचा ढीग. पोरगी रडली, पाया पडली, मास्तरांनी तिला उठवलं. खरे सत्तरीतले मास्तर, चाळिशीतल्या मास्तरांसारखी छाती काढून. नाटक संपलं तेव्हा सगळे नट रंगमंचावर होते, टेबल आणि चादरी मागं तशाच, आणि तीन टाळ्या वाजल्या.

"हे वेगळं व्हायला हवं होतं असं कुणाला वाटतं?"

"जागा द्या," टाचणी म्हणाली.

मास्तरांना आधी गंमत वाटली. "टाचणे, तू मंडळीतली. तुला नाही मागता येत."

टाचणीनं खिशातून कागद काढला. "सकाळी साडेनऊपासून नाही. सही तुमची आहे." पायऱ्या चढून ती वर गेली आणि तिनं मास्तरांच्या खांद्याला हात लावला. "लाँड्रीचा प्रवेश. तुमची जागा."

मास्तरांचा चेहरा उतरला. पण नियम त्यांचा होता, आणि समोर तीनशे माणसं. कोट काढून त्यांनी तिच्या हातात दिला. ती अंगात घालून नाड्या ओढते आणि कोट तिला चपखल बसतो, हे त्यांनी पाहिलं, आणि मग बहुतेक त्यांना बरंच काही समजलं. पाचव्या रांगेतल्या तिच्या खुर्चीवर ते जाऊन बसले.

टाचणी पोरीला म्हणाली, "रडू नकोस. चादर धर." दोघी समोरासमोर आल्या. टाचणीनं मास्तरांचा आवाज काढला, तो लाघवी, मधाळ आवाज, आणि सभागृहात खसखस पिकली. "घरी कोण कोण असतं तुझ्या? सांग की. आपण तर आता मित्र झालो. नाव येणार नाही हं. कुणाला ओळख पटणार नाही. माझा शब्द!" ती एकेक वाक्य प्रेक्षकांकडं वळून म्हणत होती, पाचव्या रांगेकडं. हसणारे थांबले. मास्तर खाली मान घालून बसले होते. बघ ताई, बघ, मनातल्या मनात ती ओरडत होती. बघ कसा बसलाय!

"जागा द्या."

आवाज तिसऱ्या रांगेतून आला. ताई उभी होती.

टाचणीला वाटलं, आता ताई वर येऊन या कोटाच्या थोबाडीत मारणार. मारू दे, जोरात मारू दे. ताई सावकाश पायऱ्या चढली. कोटाकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. तिनं हात लावला तो इस्त्रीवाल्या पोरीच्या खांद्याला.

पोरगी एप्रन काढून खाली गेली. ताईनं तो घातला, पाठीमागं हात नेऊन नाडी स्वतःच बांधली, ढिगातून चादर उचलली आणि दोन कोपरे पुढं केले. टाचणीनं ते धरले. चादर ताणली गेली. दोघी चालत एकमेकींकडं आल्या. एकतीस वर्षांनी ताईचा चेहरा वीतभर अंतरावर होता.

काहीतरी बोलायला हवं होतं. टाचणी मास्तरांच्या आवाजात म्हणाली, "घरी कोण कोण असतं?"

"बहीण," ताई म्हणाली.

"काय करते?"

"काम करते."

"तिची काही गोष्ट?"

"नाही," ताई म्हणाली. "कोपरा नीट धर."

दुसरी चादर, तिसरी. प्रत्येक वेळी चेहरा जवळ येई आणि दूर जाई. टाचणीचा मास्तरी आवाज केव्हा गेला ते तिलाच कळलं नाही. "सांग ना काहीतरी," ती म्हणत होती, साध्या, फाटक्या आवाजात. "एवढं तरी सांग." ताई चादर ताणत होती. हे इतकं सोपं होतं. कुणी कितीही गोड विचारलं तरी तोंड मिटून चादरीची घडी करायची, बस्स. बावीस वर्षांची कुठलीही पोरगी करू शकली असती.

सातव्या चादरीला ढीग संपला. "झालं," ताई म्हणाली. एप्रन काढून तिनं घडी केला, टेबलावर ठेवला, खाली उतरून पिशवी घेतली आणि ती दारातून निघून गेली.

टाचणी कोटासकट तिच्या मागं धावली. "झालं" म्हणायचं राहिलं ते राहिलंच, त्यामुळं मास्तर खुर्चीला खिळून राहिले आणि कुणीच उठेना.

बाहेरच्या दालनात ताई मंडळीच्या इतिहासाच्या बोर्डापुढं उभी होती. नाकावर चष्मा होता, खराखुरा. बोट एकेका शब्दाखालून सरकत होतं.

"तुला वाचता येतं?"

"बारा वर्षं झाली. वसतिगृहातल्या मुलींनी शिकवलं."

"मग मला कधी..."

"वाचता येतं म्हणून तुलाच लिहायला हवं?" बोट थांबलं नाही. "हे सगळं वाचलं. ड्रायव्हरचंसुद्धा नाव आहे. तुझं नाही."

"नसू दे. ताई, तू बघितलंस ना त्याला? कसा बसला होता?"

"त्याचं काय बघायचं? तो परका माणूस." ताईनं चष्मा काढून डबीत ठेवला. "वाचता येत नाही, हे लाँड्रीत एखादीला उमगलंही असेल. पण पाठीमागचा अंगठा कशासाठी चालतो, कुठल्या पेरावर कोण, हे घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. त्या नटीनं अंगठा फिरवला तो करंगळीपासून. तुझ्यासारखा, मान वाकडी करून. घरात मला हसवायला तू माझी नक्कल करायचीस, तशी." तिनं डबी पिशवीत टाकली. "त्याला करून दाखवलीस तू. हसला असेल."

हसला होता. पोट धरून हसला होता, आणि ती हरखून गेली होती, आणि तिनं पुन्हा करून दाखवली होती.

"त्यांना सांग, यादी नाटकाखाली नाव घाला म्हणावं," ताई म्हणाली. "तुझंच आहे ते." आणि ती रस्त्यावर उतरली. बस उभीच होती.

टाचणीला एक शब्द हवा होता, इतके मिळाले. ती दालनात उभी राहिली. मास्तर काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. शब्द त्यांनी दिला होता आणि मोडला होता, आणि जिचं नाटक केलं तिला समोर बसवून केलं होतं. त्यांना आज जे मिळालं ते मिळायलाच हवं होतं. पण इतकी वर्षं आपण खरबरीत शिवण दुसऱ्याच्याच कॉलरला घालत आलो, हे तिला आता अंगावर कळलं.

ती आत गेली. तीनशे माणसं तशीच गप्प बसून होती. नियम म्हणजे नियम. पाचव्या रांगेत मास्तर मान वर करून तिच्याकडं पाहत होते. टाचणीनं रंगमंचावर जाऊन कोट काढला, टेबलावरचा एप्रन घातला, आणि प्रेक्षकांकडं पाठ केली. उजवा हात पाठीमागं नेला, मान वाकडी केली आणि अंगठा करंगळीपासून पेरांवर चालवायला सुरुवात केली. बाळंतिणी, लहान मुलं, हाडं मोडलेले. बाराही पेरं तिनं केली. कुणी हसलं नाही.

मग ती वळली. "हे असं मी करून दाखवलं होतं," ती म्हणाली. "त्यांनी मागितलं नव्हतं. त्यांना हसताना बघून मला बरं वाटलं, म्हणून दोनदा दाखवलं."

सगळे वाट बघत होते.

"झालं," टाचणी म्हणाली.

आता मास्तरांना बोलायला मोकळीक होती. ते बोलले नाहीत. टाचणीनं नाडी सोडली, एप्रनची घडी केली आणि सात चादरींच्या वर ठेवली.